मेंढरांमागून चाललेलं ऑफिस

मी सातवीत असताना अण्णांच्या पायावर वितळलेलं लोखंड सांडलं. अण्णा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ते साचे करणारे मोल्डर होते. दीड वर्ष ते घरी बसले. आई आम्हा तिघी बहिणींना घेऊन निपाणीला आपल्या माहेरी गेली आणि तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. मामाच्या घरात जागा नव्हती, म्हणून आम्ही भाड्याच्या खोल्यांतून राहिलो. दीड वर्षात चार खोल्या झाल्या. दोन ट्रंका, एक स्टोव्ह, अंथरुणं आणि वह्यापुस्तकांचं पोतं असं आमचं बिऱ्हाड. पोतं वखारीतलं होतं. शाळेत बाईंनी माझी वही तपासायला उघडली की त्यांना शिंका यायच्या आणि अख्खा वर्ग हसायचा. त्याच वह्यांवर मी शिकले. पुढे बेळगावात बीसीए केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. चढू दे.

नोकरीला पुण्यात गेले. दोन वर्षांनी तिथलाच सहकारी अमोल आणि मी नोकरी सोडून आपली छोटी कंपनी काढली. हल्ली तिला स्टार्टअप म्हणतात. आमचं पहिलं प्रॉडक्ट मी सुचवलं होतं. आमच्या सीमाभागात सुगी झाली की शेतकरी आपल्या रानात धनगरांची मेंढरं बसवतात. मेंढरं रात्री रानात बसली की लेंडीचं, मुताचं खत जमिनीत जातं. पण कुठल्या रानाला मेंढरं हवीत हे धनगराला कळत नाही, आणि धनगर कुठे पोचला हे शेतकऱ्याला कळत नाही. दोघांच्या खिशात मोबाईल मात्र असतो. मग दोघांची गाठ घालणारं ॲप का करू नये?

आता ज्यांच्यासाठी करायचं ते एका जागी राहत नाहीत, म्हणून मीही राहायचं सोडलं. पुण्यातली खोली रिकामी केली. पाठीवर लॅपटॉप घेऊन वर्षभर इकडून तिकडे फिरत काम केलं. असं काम करणारे लोक गोव्याच्या किनाऱ्यावर फोटो काढतात. माझे फोटो पिठाच्या गिरणीतले, कारण चार्जिंग तिथे व्हायचं. फिरण्यात मला सुख होतं, पण ॲप कुणी वापरत नव्हतं. शेवटी अमोल म्हणाला, "तू फिरतेस आणि प्रॉडक्ट जागच्या जागी आहे."

त्यानं बारा दिवस दिले. बारा दिवसांत एखाद्या धनगराचा आणि त्याला अजिबात न ओळखणाऱ्या शेतकऱ्याचा एक तरी मुक्काम ॲपवरून ठरला पाहिजे. नाही ठरला, तर मी पुण्यात टेबलाशी येऊन बसायचं आणि दोघांनी मिळून औषधाच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करायचं. मी हो म्हणाले. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारणही नव्हतं.

तवंदी घाटाच्या अलीकडे

सिद्धाप्पांचा वाडा मला निपाणीच्या बाहेर भेटला. वाडा म्हणजे घर नव्हे. धनगर आपल्या फिरत्या बिऱ्हाडाला आणि मेंढरांना मिळून वाडा म्हणतात. सिद्धाप्पा आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, बाळाक्कांना, मामी. दर वर्षी दिवाळीनंतर ते निघतात आणि रमतगमत खानापूरकडे भाताच्या रानांत जातात. दोन घोडी, तीन कुत्री, एक सून रेणू, दोन मुलगे आणि डोंगराच्या उताराएवढी मेंढरं.

डाव्या हाताला तंबाखूची रानं हिरवीगार उभी होती. मेंढरं त्या बाजूला मानसुद्धा वळवत नव्हती. मी विचारलं, "मामा, हे खात नाहीत व्हय?"

"त्यांस्नी कळतंय," मामा म्हणाले. "माणसांस्नीच कळत न्हाय."

असं म्हणून त्यांनी खिशातून चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतली.

मामा मेंढरांशी कानडी बोलतात आणि घरच्यांशी मराठी. मी कारण विचारलं तर मामीच मधे बोलल्या, "मेंढरं त्यांचं ऐकत्यात, म्हणून त्यांची भाषा येगळी ठेवलीया."

मी माझं सौरऊर्जेचं पॅनेल घोडीच्या पाठीवरच्या ओझ्यावर बांधलं. घोडी चालणार, ऊन पडणार, बॅटरी भरणार. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. पहिल्याच दिवशी घोडीला पाठ खाजली आणि तिनं बाभळीला अंग घासलं. पॅनेलला आरपार तडा गेला. रेणू हसून हसून खाली बसली. "आक्का, तिला तुमचं ऑफिस टोचलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. मेंढीच्या दुधाचा चहा घट्ट असतो, पहिल्या घोटाला वास येतो आणि तिसऱ्या घोटाला तो वास आपलासा वाटतो. तेवढ्यात मी मामांना ॲप दाखवलं. सहा महिने खपून केलेला पहिला पडदा. त्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न होता, तुमच्याकडे किती मेंढ्या आहेत? खाली आकडा भरायला चौकट. मामांना वाचता येत नाही, म्हणून मी तो वाचून दाखवला.

मामांनी एकदा मेंढरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दुसऱ्याचं तान्हं मूल परत द्यावं तसा त्यांनी माझा फोन हळूच घोंगड्यावर ठेवला.

"बॅटरी उतरली वाटतं त्याची," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

बॅटरी पुरी भरलेली होती.

त्या दिवशी अण्णांचा फोन आला. "कुठं हाईस?"

"तवंदीच्या खाली. मेंढरांबरोबर चाललेय."

"बीसीए करून?"

"व्हय."

"आमच्या फाउंड्रीत निदान रविवारची सुट्टी तरी होती," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

संकेश्वर, हिरण्यकेशीच्या काठी

वाड्याचा दिवस असा असतो. सकाळी बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढे निघतात आणि दुपारपर्यंत ठरल्या जागी पोचून चूल मांडतात. पुरुष मेंढरं चारत चारत मागून संध्याकाळी येतात. मी बायकांबरोबर चालायची. दुपारी त्या पाण्याला गेल्या की झाडाखाली लॅपटॉप उघडायची. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. दिवसाला एकच बदल करायचा आणि तो त्याच संध्याकाळी वाड्यात दाखवायचा. पुण्यात आम्ही आठवडाभर बदल करायचो आणि मग कुणाला दाखवायचं ते शोधायचो.

पण दाखवायचं कुणाला? मामा फोन बघितला की उठायचे. संकेश्वरच्या बाजारात आणखी दोन धनगर भेटले. एकानं ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्याला मी विचारलं, "मेंढरं किती हाईत, काका?"

"असतील की चार-दोन," तो म्हणाला. त्याच्या मागचा माळ मेंढरांनी पांढराफेक झाला होता.

चौथ्या दिवशी दुपारी मी चिंचेखाली डोक्याला हात लावून बसले होते. मामी संकेश्वरी मिरच्यांचा खरडा वाटत होत्या. तो खरडा आणि जोंधळ्याची भाकरी खाल्ली की डोळ्यांतून, नाकातून पाणी येतं आणि तरी हात थांबत नाही. वरवंटा फिरवत मामींनी विचारलं, "तू आल्या आल्या त्यांस्नी काय इचारलंस गं?"

"मेंढ्या किती ते."

"त्येच तर. आमच्यात कळपाचा आकडा तोंडातनं काढत न्हाईत. नजर लागती. माझं लगीन हून तीस वरसं झाली, मी बी कधी इचारलं न्हाय."

"मग एखादं हरवलं तर कसं कळतं?"

"तुझ्या वर्गात एखादी पोरगी आली न्हाय, तर मास्तर काय मोजून बघत व्हता? तोंडं बघितली की कळतंय की."

आमचे मास्तर हजेरी घ्यायचे, पण ते मी बोलले नाही. मला माझीच लाज वाटली. आमच्या घरीसुद्धा जेवणाऱ्यानं किती भाकऱ्या खाल्ल्या ते कुणी मोजत नाही, आई मोजू देत नाही. हे माहीत असून मी धनगराच्या दारात जाऊन पहिला प्रश्न तोच विचारला होता. आणि वर तो सक्तीचा ठेवला होता. आकडा भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

"मामी, मग शेतकऱ्याला कसं कळायचं, केवढा वाडा येणार ते?"

"रान केवढं ते त्यो सांगतो. किती रात्री बसायचं ते आमी सांगतो. झालं."

मी तिथेच तो प्रश्न काढून टाकला. त्या जागी दोन गोष्टी आल्या. शेतकऱ्यानं रान सांगायचं, धनगरानं रात्री सांगायच्या. संध्याकाळी अमोलला फोनवर सांगितलं.

"आकड्याशिवाय कसं चालेल?" तो म्हणाला. "सगळा हिशेब त्याच्यावर बांधलाय आपण."

"ते बांधलेलंच चुकलंय."

"आठ दिवस राहिलेत."

"माहीत आहे."

त्या संध्याकाळी मामा फोन बघून उठले नाहीत. पाहिलंही नाही, पण उठलेही नाहीत. मी त्यातच आनंदी होते.

यमकनमर्डीच्या पुढे

सहाव्या दिवशी एका ओढ्याकाठी अमोलबरोबर मीटिंग होती. कॅमेरा चालू होता. मी नवी मांडणी समजावत होते आणि मागे मेंढरं ओरडत होती. मीटिंगला अमोलच्या ओळखीचा एक मोठा अनुभवी माणूसही बसला होता. तो म्हणाला, "मागे छान आवाज लावलाय. कुठून डाउनलोड केला?"

मी फोन फिरवला आणि त्याला आवाजाचे मालक दाखवले. तेवढ्यात पॉवर बँकेतून लॅपटॉपला लावलेली चार्जिंगची वायर एका कोकरानं चघळून तोडली. कोकराला काही झालं नाही. रेणूनं त्याला पोटाशी धरून तोंड तपासलं आणि वायरीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

वायर जोडायला गावातल्या शिंप्याकडे गेले. तो शिलाईबरोबर रेडिओही दुरुस्त करायचा. वायर जोडताना त्यानं माझा धंदा विचारला. मी सांगितला. तो अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होता आणि एक शब्द कुठल्या भाषेत संपला आणि पुढचा कुठल्या भाषेत सुरू झाला हे त्यालाही कळत नव्हतं.

"तुमच्या ॲपात लिहायचं कशात?" त्यानं विचारलं. "माझं शिक्षण कन्नडमधनं, बोलणं मराठी. मी मराठी लिवत न्हाय आणि कन्नड बोलताना निम्मं मराठी येतंय."

माझ्या ॲपमध्ये सुरुवातीला भाषा निवडायला लागायची. एक किंवा दुसरी. आमच्या सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला घराच्या कुठल्या भिंतीत राहतोस असं विचारण्यासारखं. मी परत येऊन तोही पडदा काढला. लिहायचं सगळंच काढलं. एक मोठं गोल बटण ठेवलं. दाबा आणि बोला. शेतकरी आपल्या आवाजात सांगेल, धनगर आपल्या आवाजात उत्तर देईल.

नमुन्याला मी चार जणांचे आवाज भरून घेतले. शिंप्याचा, गिरणीवाल्याचा आणि दोन शेतकऱ्यांचे. संध्याकाळी घोंगड्यावर बसून मामांना ऐकवले. त्यांनी पहिल्यांदा फोन स्वतःच्या हातात घेतला आणि कानाला लावला.

"ह्यो माणूस चांगला हाय," ते म्हणाले. दुसरा आवाज ऐकून म्हणाले, "ह्यो चहाला बी बोलवायचा न्हाय." तिसऱ्याला म्हणाले, "ह्याच्या रानात काटं असणार."

"आवाजावरनं कसं कळतं, मामा?"

"तुला कसं कळत न्हाय?"

मामी म्हणाल्या, "आता रातभर कानाला लावून बसतील. आधी त्या मशीनचं कौतुक न्हवतं, आता माझं न्हाय."

काकती

नवव्या दिवशी बेळगाव दिसायला लागलं. हायवेवरून ट्रक जात होते आणि आम्ही बाजूच्या कच्च्या वाटेनं. मी शहरात जाऊन वाड्यासाठी दूध आटवून केलेला कुंदा आणला. मामांनी चमचाभर चाखला आणि म्हणाले, "दुधाचं एवढं हाल कशाला केलंय?" पण उरलेला डबा त्यांच्याच उशाला होता.

अमोलनं खानापूरकडच्या शेतकऱ्यांच्या एका ग्रुपवर ॲप पाठवलं होतं. त्या दुपारी पहिला खरा आवाज आला. नारायण मास्तर, निवृत्त शिक्षक, खानापूरच्या अलीकडच्या एका गावात दीड एकर भाताचं रान. त्यांचा निरोप चार मिनिटांचा होता.

"सादर नमस्कार," असं त्यांनी सुरू केलं. मग आपली जमीन कशी होती, वर्षानुवर्षं युरिया घालून ती कशी टणक झाली, त्यांच्या वडिलांच्या काळात मेंढरं कशी बसायची, मग ती यायची कशी बंद झाली, सुनेनं हे ॲप कसं दाखवलं, हे सगळं अलंकारिक मराठीत. शेवटी "आपला विश्वासू" असंही म्हणाले.

मामांनी तो निरोप दोनदा ऐकला.

"लई बोलतोय," मामा म्हणाले. "आणि पाणी कुठं हाय त्येच सांगितलं न्हाय."

"मग तुम्ही विचारा की. हे दाबायचं आणि बोलायचं."

"नको."

"का?"

"माझं ठरलंय. पिरनवाडीत पाटलाच्या रानात बसायचं. पंचवीस वरसं बसतोय. चार-पाच रात्री तिथं जातील. त्याला न इचारता दुसऱ्याला शब्द देऊ व्हय?"

तीन दिवस राहिले होते.

अमोलला सांगितलं. तो वाईट माणूस नाही, पण त्याच्याही डोक्यावर मुदत होतीच. म्हणाला, "सिद्धाप्पांचं खातं तुझ्याच फोनवर आहे ना? तूच हो म्हणून बटण दाब. ते तिकडूनच तर पुढे जाणार आहेत. कुणाला कळणार आहे?"

खोटं कशाला सांगू, माझा अंगठा बटणावर होता. ॲप माझं, फोन माझा. पण मला त्यात बोलावं लागणार होतं. सिद्धाप्पांच्या नावावर माझा आवाज गेला असता. आठ दिवस त्यांनी मला आपल्या ताटाशेजारी बसवलं होतं. मी अमोलला म्हटलं, "मला जमणार नाही."

"मग पुण्यात टेबल मांडून ठेवू?"

"मांड. खिडकीशेजारी मांड."

बोलले खरं, पण त्या संध्याकाळी मला भाकरी गोड लागली नाही. मामींना ते दिसलं. त्यांनी हुलग्याचं गरम माडगं वाटीत ओतून पुढे केलं.

पिरनवाडी

पिरनवाडी माझं गाव. अण्णा-आई तिथेच राहतात. अकराव्या दिवशी दुपारी आम्ही गावाच्या पश्चिमेला पोचलो. मामींनी घोडी थांबवली. समोर पाटलांचं रान नव्हतं. काटेरी तारेचं कुंपण होतं आणि आत पांढरे दगड रांगेनं पुरलेले, प्रत्येकावर प्लॉटचा नंबर. दाराशी सिमेंटची कमान. गाव वाढतंय हे मला माहीत होतं, पण पाटील म्हणजे हे पाटील आणि रान म्हणजे हे रान, हे मी मामांना कधी विचारलंच नव्हतं.

मामी ओझं उतरवायला लागल्या आणि मधेच थांबल्या. उतरवायचं कुठे?

मामा मेंढरं घेऊन आले तेव्हा उन्हं कलली होती. ते कुंपणाशी उभे राहिले. दगड बघत राहिले. मग त्यांनी फोन काढून पाटलांच्या मुलाला लावला. तिकडून बोलणारा माणूस शरमलेला होता हे लांबूनही कळत होतं. "काका, सांगायचं राहूनच गेलं," एवढं मी ऐकलं.

"असू दे," मामा म्हणाले. "वडिलांस्नी इचारलं म्हणून सांग."

रस्त्यावर शाळेच्या बस येत होत्या, मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या आणि मेंढरं रस्ताभर पसरली होती. मी अण्णांना फोन केला. दहा मिनिटांत ते स्कूटरवरून आले. अजून ते उतरताना डावा पाय जरा ओढतात. त्यांनी सगळं बघितलं, मामांना हात जोडले आणि म्हणाले, "माझ्याबरोबर मोल्डिंगला होता एकजण, त्याचं एकराचं रान मोकळं पडलंय. शाळेच्या मागं. आजची रात तिथं बसा. मी सांगतो त्याला."

"ओळख न्हाय, काय न्हाय," मामा म्हणाले.

"माझी हाय की."

शाळेमागच्या रानात वाघर लागली. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. आई डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन आली. ती आणि मामी दोघी निपाणीच्या. वखारीत कुठली बाई कुठे बसायची इथून बोलणं सुरू झालं ते थांबेना. अण्णा मामांना साचा कसा करतात ते मातीत बोटानं काढून दाखवत होते. मी जरा बाजूला बसून लॅपटॉपमध्ये बघितल्यासारखं करत होते. उद्याचा एकच दिवस राहिला होता आणि मला कुणाला काही सांगायचा धीर नव्हता.

मग मामाच म्हणाले, "त्या मास्तरचं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"त्यो लई बोलणारा. दुसऱ्या कुणी घेतलं त्याचं रान?"

"न्हाय. अजून वाट बघत्यात."

"आण इकडं."

मी फोन दिला. मामांनी पटका सारखा केला, जणू मास्तर त्यांना बघणार होते. गोल बटण त्यांनी स्वतः शोधलं आणि स्वतः दाबलं.

"नमस्कार मास्तर. मी सिद्धाप्पा, निपाणीकडला. तुमचं समदं ऐकलं. रान दीड एकर म्हणालासा, चार रात्री बसावं लागंल. पण पाणी कुठं हाय त्ये सांगा." आणि बटण सोडायच्या आधी म्हणाले, "आणि पाटलाच्या रानाची आता वाट बघायची न्हाय, म्हणून बोलतोय. उगं गैरसमज नको."

आम्ही सगळे फोनभोवती बसलो. आईचा डबा झाकायचाही राहिला. दोन-तीन मिनिटांनी उत्तर आलं.

"विहीर आहे," मास्तर म्हणाले. "बारमाही."

एवढं बोलून ते थांबले. मग त्यांचा धीर सुटला आणि विहीर कुणी खणली, किती हातावर पाणी लागलं, तिच्या काठी फणस कसा आहे हे तीन मिनिटं चाललं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग परत बटण दाबलं.

"परवा येतो," ते म्हणाले.

अमोलला मी फक्त तो आवाज पाठवला. त्याचं उत्तर आलं, "अजून एकदा ऐकतोय."

अण्णांनी विचारलं, "एवढंच व्हायचं होतं?"

"व्हय. एवढंच."

"ह्यासाठी अकरा दिवस चाललीस?"

"व्हय."

अण्णा मातीतल्या साच्याकडे बघत म्हणाले, "आमच्यात बी साच्यालाच दिवस जायचे. लोखंड ओतायला कितीसा वेळ." मग स्कूटर चालू करताना मामांना म्हणाले, "आमची पोरगी ग्रॅज्युएट हाय. तुमच्यात राहून अजून शिकली."

खानापूरच्या अलीकडे

पिरनवाडी सोडली की झाडं दाट होत जातात आणि हवेला ओल येते. निपाणीच्या माळावरची मेंढरं त्या गारव्यात कान हलवत चालत होती. ठरल्या दिवशी आम्ही मास्तरांच्या गावात पोचलो. ते पांढरा सदरा घालून बांधावर उभे होते. मला वाटलं होतं भाषण होणार, पण मेंढरं भाताच्या खुंटांत उतरायला लागली तेव्हा मास्तर नुसते हात जोडून उभे राहिले.

संध्याकाळी त्यांच्या सुनेनं लाल तांदळाचा भात आणि कुळथाची आमटी वाढली. मामांनी तीनदा भात घेतला आणि हात धुताना मला हळूच म्हणाले, "ह्यानं पोट फुगतंय, भरत न्हाय. भाकरी हाय का बघ मामीकडं." मास्तरांची सून मेंढीच्या दुधाचा चहा पहिल्या घोटाला कसाबसा प्याली. तिसऱ्या घोटाला तिनं विचारलं, "अजून आहे का?"

विहिरीच्या काठी बसून मी ॲपमध्ये एकच बदल केला. शेतकऱ्यानं बटण दाबलं की आधी मामांचा आवाज ऐकू येतो: "पाणी कुठं हाय त्ये आधी सांगा." तो आवाज मामांनी एका दमात भरून दिला.

पुण्याचं टेबल अमोलनं दुसऱ्या कुणाला दिलं. औषधाच्या दुकानांचं सॉफ्टवेअर आम्ही केलं नाही. त्या हंगामात आणखी सहा वाडे त्या बटणावर बोलायला लागले आणि मी त्यांच्यामागून फिरत राहिले. नारायण मास्तरांच्या दीड एकरात सिद्धाप्पांचा वाडा चार रात्री बसला. आमच्या ॲपवर ठरलेला तो पहिला मुक्काम.